ताईचे गुडघे आणि पैलवानाचं डिझेल इंजिन

पैलवान मिस्त्री आयुष्यात कधी कुणाशी कुस्ती खेळला नव्हता. पण मांड्या खांबासारख्या, पंजे फावड्यासारखे, आणि जिना चढायला लागला की खालच्या मजल्यावर बसलेल्याला कळायचं कोण येतंय ते. कुणीतरी गमतीत पैलवान म्हटलं आणि तेच चिकटलं. खरं नाव आता फक्त बायकोला आणि वीजबिलाला माहीत होतं. रस्त्याच्या टोकाला पत्र्याच्या दाराचं गॅरेज, वर दोन खोल्या, आणि दिवसभर खाली ठोकाठोक. कामाला माणूस चोख. स्वभावाला मात्र, काय सांगू, नाकावर माशी बसू द्यायचा नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, गाडीतून आवाज येतो हो," तर हा म्हणायचा, "गाडीतून येतोय की तुमच्या डोक्यातून?" मग स्वतः गाडीत बसणार, स्वतः चालवून आणणार, आणि परत येऊन निकाल देणार. त्याच्या पायाखालून गेली की गाडी पास. गिऱ्हाईकाला काय वाटतं हे त्याने कधी विचारलं नाही.

त्याची थोरली बहीण, ताई, शाळेची मुलं ने-आण करायची. जुनी, लांबलचक, पेट्रोलवर चालणारी स्टेशन वॅगन होती तिची. मागे दोन बाकं, खिडक्यांना जाळ्या, आणि सीटच्या फटीत कायम कुणाचातरी खोडरबर. ताई एवढीशी, हडकुळी. स्टिअरिंगवरून पुढचं दिसावं म्हणून खाली उशी घेऊन बसायची. पण गाडीवर हात असा बसलेला की एकाही चौकात ती कधी जोरात थांबली नाही की पोरांचं डोकं पुढच्या बाकाला आपटलं नाही. तिचं घर त्या गाडीवर चालायचं, आणि खरं सांगायचं तर ताईसुद्धा त्या गाडीवरच चालायची. सकाळी किल्ली हातात घेतली की बाईला दहा माणसांचं बळ यायचं.

तर त्या गाडीचं इंजिन गेलं. गेलं म्हणजे ब्लॉकलाच तडा. पैलवानाने हात पुसत सांगितलं, "हे आता भंगारात. पण काळजी करू नकोस. मी तुला डिझेल इंजिन टाकून देतो. जन्मभर बघायला नको."

"पेट्रोलच्या गाडीत डिझेल?" ताई म्हणाली. "बसेल का रे?"

"बसत नाही तर बसवतो."

भंगारवाल्याकडे एक पिकअप पडून होती. मागून कुणीतरी चेपलेली, पण पुढचा भाग शाबूत. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स पैलवानाने चेनकप्पीला टांगून आणले. शाळेला सुट्टी होती, तेवढ्यात काम उरकायचं होतं. इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. जुन्या माउंटिंगवर ते बसेना, तेव्हा कापून, वेल्डिंग मारून नवीन केली. मागे जाणारा शाफ्ट लांब झाला, तो लेथवाल्याकडून आखूड करून आणला. सगळं बसलं, पण डिझेलचा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काही बसेना. त्याचं मागचं टोक चॅसिसला घासत होतं. पैलवानाने दोन शिव्या घातल्या, तो अल्टरनेटर काढून फळीवर फेकला आणि पेट्रोल इंजिनाचाच आखूड अल्टरनेटर पट्टी वाकवून तिथे लावला. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची रबरी नळी पूर्वी इंजिनाला जिथे लागायची, तशीच नव्या इंजिनालाही लावून टाकली. वर्षानुवर्षांची सवय, हात आपोआप तिकडेच गेले.

आणि मग सेल्फ मारला. पहिल्या सेल्फला चालू! गॅरेज धडधडलं, फळीवरचे पाने नाचले. वरून बायको ओरडली, "अहो, भिंत पडली का?" पैलवान असा खूश झाला की शेजारच्या शिंप्याला हाताला धरून ओढत आणून त्याने इंजिन दाखवलं. शिंपी बिचारा दोरा दातात धरूनच "वा" म्हणाला. मग पैलवानाने गाडी चढावर नेली, उतारावर नेली, ब्रेक मारून बघितले. थांबली. पास.

शाळा सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी ताई गॅरेजात आली. "अरे, ब्रेक फार कडक आहे. दोन्ही पायांनी उभं राहावं लागतं."

"काहीतरीच. मी स्वतः बघितलाय."

"काल त्या उतारावर गाडी वेळेवर थांबेना. मुलं होती रे मागे."

पैलवान पुन्हा गाडीत बसला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि आपला तो मुसळासारखा पाय ब्रेकवर दाबला. गाडी थांबली. तो उतरला आणि हसला. वाईट नव्हतं त्याच्या मनात, पण तोंडाला काही लगाम? "ताई, ब्रेक ठणठणीत आहे. गुडघे गेले तुझे. वय झालं आता."

ताईने वाद घातला नाही. तिथेच सगळा घोळ झाला. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तिने त्याची खरडपट्टी काढली असती. पण भावाचा शब्द गाडीच्या बाबतीत तिच्यासाठी शेवटचा होता. तिने आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. आठवडाभर तेल लावलं, गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं, आणि दर उतार दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून उतरली. मग एके दिवशी ती शाळेच्या मोठ्या बाईंना भेटली आणि म्हणाली, माझ्या पायांचा आता भरवसा नाही, उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? शाळेने दुसरी गाडी ठरवली. ताईने वॅगन गॅरेजात आणून उभी केली आणि भावाला सांगितलं, "विकून टाक."

पैलवानाला वाईट वाटलं. पण त्याने काय केलं? बहिणीला सांध्यांच्या गोळ्या आणून दिल्या. घ्या!

महिनाभर गाडी तिथेच. मग एक दिवस पैलवान सुट्टे भाग आणायला बाजारात गेला असताना पाण्याचा टँकर आला आणि त्याला वॅगन आडवी आली. पैलवानाची बायको खाली उतरली. तिला गाडी चालवता यायची, आणि नवऱ्यासारखं ओरडताही यायचं. तिने गाडी चालू केली, चार हात मागे घेतली, ब्रेक दाबला, आणि गाडीने सरळ ऑइलचं पिंप आडवं केलं.

पैलवान परतला तेव्हा बायको दारातच उभी, कंबरेवर हात. जमिनीवर सगळीकडे काळं तेल.

"हे काय केलंस?"

"ब्रेक दाबला मी. भिंत दाबल्यासारखा वाटला. का हो, माझेही गुडघे गेले का आता?"

पैलवान तेलातून पाय टाकत गाडीपाशी गेला. त्याने बॉनेट उघडलं. रबरी नळीवरून बोट फिरवत बूस्टरपासून इंजिनापर्यंत गेला. पेट्रोल इंजिन श्वास घेताना त्या नळीतून हवा ओढतं, आणि त्या ओढीवर ब्रेक हलका होतो. डिझेल इंजिनाला ती ओढ नसते. त्याच्यासाठी एक छोटा पंप वेगळा असतो. कुठे असतो? त्या अल्टरनेटरच्या मागच्या टोकाला. जो त्याने शिव्या घालून फळीवर फेकला होता. नळी लावलेली होती, पण ओढणारं पलीकडे कुणी नव्हतं. ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती असं नाही. ठाऊक असूनही त्याने बघितलं नाही, कारण त्याच्या पायाला फरक पडला नव्हता.

तो पिंपावर बसला. बायको पुढे काहीतरी सुनावणार होती, पण त्याचा चेहरा बघून फडकं आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने चॅसिसची ती कड कापली, मजबुतीला पट्टी जोडली, पंपवाला अल्टरनेटर बसवला. ब्रेक लोण्यासारखा झाला. गाडी घेऊन तो ताईकडे निघाला आणि वाटेत, लाज वाटते सांगायला, त्याने एक वाक्य जुळवलं. 'थोडं अ‍ॅडजस्ट करून दिलंय, आता तुझ्या गुडघ्यांनाही झेपेल.' बस्स. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

ताईचं दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून धान्य निवडत होती. भावाला बघून उठायला लागली. आधी एक हात जमिनीवर टेकला, मग दुसऱ्याने खुर्ची धरली, मग थांबून श्वास घेतला. म्हातारी बाई उठते तशी. दोन महिन्यांपूर्वी हीच बाई पंक्चर झालेलं चाक स्वतः बदलायची.

पैलवानाने जुळवलेलं वाक्य टाकून दिलं. "ताई," तो म्हणाला, "तुझे गुडघे चांगले आहेत. ब्रेकच नव्हता गं नीट. मी पंप लावलाच नव्हता. तू सांगत होतीस आणि मी..."

ताईला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. ती खुर्ची सोडून सरळ उभी राहिली.

"मुलं होती मागे," ती म्हणाली. "आणि मी रोज या पायांना शिव्या देत होते. माझ्या पायांपेक्षा तुझं खरं मानलं मी. तुला एकदा तरी खाली वाकून बघावंसं वाटलं नाही रे?"

ताईने हात पुढे केला. त्याने किल्ली दिली.

त्याला शेजारी बसवून तिने गाडी थेट शाळेच्या फाटकाशी आणली. तिथे गाडी थांबवून म्हणाली, "जा. मोठ्या बाईंना तुझ्या तोंडाने सांग."

पैलवान आत गेला. त्या एवढ्या मोठ्या माणसाने लहान मुलांच्या चित्रांखाली उभं राहून सगळं सांगितलं, काही न लपवता. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताईंची आठवण मुलं अजून काढतात. पण दुसऱ्या गाडीला आम्ही वर्षभराचा शब्द दिलाय. तोवर मी काही करू शकत नाही."

बाहेर ताई इंजिन चालू ठेवून बसली होती. त्याने खिडकीशी वाकून ते सांगितलं. तिने रिकाम्या बाकांकडे एकदा वळून पाहिलं आणि म्हणाली, "बरं. बस आत."

परतीच्या रस्त्यावर चौक बरेच होते. दर चौकात ताई पाय नुसता टेकवायची आणि गाडी अलगद थांबायची, पूर्वीसारखी. पैलवान खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि रडत होता. ताईला ते दिसत होतं. ती गाडी चालवत राहिली.