भूपेंद्रने दाताने तोडलेला दोरा

…तर दोरा त्याने दाताने तोडला, इथवर आलो होतो ना आपण? काल तुम्ही हसत उठून गेलात. त्याला बिचाऱ्याला तेव्हा हसू आलं नव्हतं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. भूपेंद्र म्हणजे आमच्या लिंबायतच्या गल्लीतल्या सुकलालचा मुलगा. बाप कापडाच्या लूमवर कामाला, पोरगा सुरतेच्याच एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करायला शिकत होता. प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. त्यांच्यात हाताची वेगळी परीक्षा असते. रेक्झिनला चीर पाडून देतात, ती शिवायची. सुई कशी धरली, गाठ कशी बसली, मोठे डॉक्टर शेजारी बसून बघतात. पास झाला तरच स्वतः सुरी धरायची.

भूपेंद्रचे टाके इतके सरळ, की परीक्षा घेणाऱ्या देसाई डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. पोरगा रंगला. शेवटची गाठ बसली, कात्री समोरच होती, आणि याने मान खाली घालून दोरा दाताने तोडला. लूमवरचं पोर ते. धागा तुटला की गाठ मारायची, शेपूट दाताने उडवायचं, हेच लहानपणापासून.

"दीकरा, पेशंटच्या पोटातही असंच तोंड घालणार का?" देसाईंनी विचारलं.

मागची पोरं खिदळली. "साहेब, याला लूम चालू करायची घाई आहे," एक जण म्हणाला.

निकाल लागला: हात चांगला, सवय वाईट, परीक्षा पुन्हा.

घरी त्याने अवाक्षर काढलं नाही. सुकलालने मात्र पास झालाच असं धरून सगळ्या कारखान्यात सांगून टाकलं. रविवारी बमरोलीहून सुकलालची थोरली बहीण धुरपदाबाई हर्निया घेऊन हजर.

"दुसराले मी हात लावू देसू नही," ती म्हणाली. "मना पोटले भूपेंद्रनाच हात जोयजे."

"त्याचा हात म्हणजे नुसतं मशीन, बाई," सुकलाल म्हणाला. "बोल रे, कधी करतोस?"

मी तिथेच त्यांच्या खाटेवर बसलो होतो. म्हटलं, मुहूर्त मी काढून देतो. दारात शेजारणी जमलेल्या. भूपेंद्रचे कान लाल झाले. ऑपरेशनची खोली रिकामी नाही, साहेब गावाला गेलेत, काहीही सांगून सुटला असता. त्याने चहाची बशी खाली ठेवली आणि वर न बघता म्हणाला,

"फुई, हाताच्या परीक्षेत मी नापास झालो. बाबांना सांगायची लाज वाटली. तुझं ऑपरेशन देसाई साहेब करतील, मी शेजारी उभा राहीन."