भावोजींचे पाठमोरे फोटो

उभ्या मुंबईत माणसं नेमकी कुठे टेकतात, हे आमच्या भावोजींइतकं कुणालाच ठाऊक नसेल. थोरल्या बहिणीचे हे यजमान विमा कचेरीतून निवृत्त झाले आणि गळ्यात कॅमेरा अडकवून लालबाग-परळ पालथं घालू लागले. ते इमारतींचे फोटो काढत नाहीत, माणसांचेही काढत नाहीत. माणूस इमारतीला जिथे लागतो, तेवढ्या जागेचे काढतात. जिन्याच्या कठड्यावर विसावलेलं कोपर, उंबऱ्यावर ताणून दिलेले पाय, खांबाला लागलेली एखादी पाठ. चेहरा चुकूनही नाही. "चेहरा दिसला की लोक विचारतात, हा कोण? मग भिंतीकडे कोण बघणार रे?" हे त्यांचं म्हणणं.

रविवारी त्यांची बॅग सांभाळायचं काम माझ्याकडे. गिरगावात एक बाई गॅलरीच्या ठरलेल्या खांबाला टेकून शेंगा सोलतात, म्हणून आम्ही दीड तास समोरच्या फुटपाथवर उभे. बाई आल्या, आम्हाला बघून हसल्या आणि चहाला वर बोलावू लागल्या. "बघितलंन ना इकडे? गेला फोटो," म्हणत भावोजी वैतागले. चहा मी एकट्याने प्यायलो. पाय असे भरून येत की सोमवारी ऑफिसचा जिना चढवत नसे.

त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे माझे बाबा. गिरणी बंद पडल्यापासून बाबा रोज संध्याकाळी आमच्या काळाचौकीच्या चाळीत गॅलरीच्या कठड्याला कोपरं टेकून रस्ता बघत. भावोजींनी त्यांचे शेकड्याने फोटो काढले. सगळे मागून.

बाबा मागच्या वर्षी गेले. तेराव्याला हार घालायला फोटो हवा म्हणून भावोजींचा कॉम्प्युटर उघडला. पाठ, मान, कोपर, बनियनची भोकं. चेहरा एकातही नाही. घरात एवढा फोटोग्राफर असताना आम्ही कुणी कधी मोबाइल पुढे केला नव्हता. भावोजी दोन दिवस धड न जेवता शोधत होते. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला, तर त्यात बाबा दुसऱ्याच कुणाचे वडील वाटत होते.

आईने त्याला हार घातला, नमस्कार केला आणि भावोजींना म्हणाली, "जावयबापू, माका तो पाठमोरो फोटो द्या. घरातसून माका ते तसेच दिसत." भावोजी मान खाली घालून रडले.

तो फोटो आता भिंतीवर आहे. आईचं त्यावर भागतं, माझं भागत नाही. भावोजी आले की एकदा चांगलं रागवायचं, असं दर रविवारी ठरवतो. पण ते येतात, त्या फोटोसमोर बसतात आणि बाबा हसताना कसे दिसायचे, हे मलाच विचारतात. मी सांगतो, जेवढं आठवतं तेवढं.