चाळिसावी टाचणी

दिवे लागायच्या आधी टाचण्या मोजायच्या, ही तिची बावीस वर्षांची सवय. शिवणकाम शिकवणारे मास्तर सांगायचे, कपडा तिरका शिवला तर गिऱ्हाईक भांडायला तरी येतं. आत टाचणी राहिली तर पुन्हा येत नाही. तेव्हापासून मशीनशेजारच्या लाल उशीत मोजून चाळीस टाचण्या. एखादी वाकली, तर त्याच दिवशी तिच्या जागी नवी. चाळीस भरल्या की मगच ती चहाचं आधण ठेवी.

"झाली का जनगणना?" नवरा रोज विचारी.

"झाली. सगळे हजर."

त्या दिवशी एकोणचाळीस भरल्या.

तिनं पुन्हा मोजल्या. मग उशी रिकामी करून दहा-दहाच्या ओळी लावल्या. शेवटच्या ओळीत नऊच.

मुळात ती धास्तावणाऱ्यांतलीच. कुलूप लावून जिना उतरली की पुन्हा वर चढून ते ओढून पाहणारी. पण आजच्या भीतीला कारण होतं. साडेचारला सहा महिन्यांच्या बाळाचा फ्रॉक गेला होता. पांढरा, कंबरेला बारीक चुण्या, घेराला दुहेरी दुमड. बाळाची आजी स्वतः येऊन घेऊन गेली होती. सहा वाजता घालून फोटो काढायचा होता.

आणि आज काम झालंही होतं किती झरझर. रोज चारच्या सुमाराला दोन पडद्यांच्या फटीतून उन्हाची तिरीप थेट सुईवर येई, डोळे दिपत, तासभर हात आवरता घ्यावा लागे. आज मशीनवर मऊ, दुधी उजेड होता. आभाळ आलं असावं असं समजून तिनं वर पाहिलंही नव्हतं. आत सकाळपाळी करून आलेला नवरा भांडी विसळत होता, मागे सासूबाई बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत काहीतरी गुणगुणत होत्या. तिच्या मनात आलं होतं, बस, असंच असावं. आता तीच दुपार तिला संशयास्पद वाटू लागली. त्या सुखातच हात सैल पडला असणार.

तिनं आजीबाईंना फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला.

"मी जाऊन येतो," नवरा चपला घालत म्हणाला. "दहा मिनिटांचा तर रस्ता."

"आधी फ्रॉक काढायला सांगा, मग बाकीचं बोला."

"म्हणजे दारातच? चोर समजतील मला."

"अहो, चेष्टा नको."

तो गेला. ती लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर बसली. फरशीच्या भेगांतून, मशीनच्या पायाखालून दोन हूक निघाले, मोडक्या सुईचं टोक निघालं, सासूबाईंच्या खुर्चीखाली केसांतला आकडा. खुर्ची रिकामी होती; त्या खालच्या मजल्यावर शेजारणीकडे गेल्या होत्या. फ्रॉकला लावलेल्या टाचण्या ती मनात मोजत होती. खांद्याला चार, कंबरेला आठ, घेराला बारा. लावल्या आठ, काढल्या आठ की सात? तिला बाळाचं पोट आठवलं. माप घेताना टेप गार लागली म्हणून ते आक्रसलं होतं.

घड्याळात पावणेसहा. नवरा येताना दिसतोय का पाहावं म्हणून तिनं पडदा ओढला. तो सरकेना. तिनं मधोमध हात घातला आणि बोटाला टोचलं.

दोन्ही पडद्यांच्या कडा एकावर एक घेऊन कुणीतरी टाचणी लावली होती. वेडीवाकडी, पण घट्ट.

ती बोट तोंडात धरून उभी असतानाच फोन वाजला. "सगळा फ्रॉक चाचपला," नवरा धापा टाकत होता. "काही नाही. बाळ उघडंच बसलंय आणि मला बघून हसतंय."

"सापडली," ती म्हणाली. "त्यांची माफी मागा. आणि या लवकर."

सासूबाई कठड्याला धरत जिना चढून आल्या, तर सून जमिनीवर बसलेली. "काय गं, काय सांडलं?"

"आई, पडद्याला टाचणी तुम्ही लावलीत?"

"तू जेवायला उठलीस तेव्हा. रोज चार वाजले की डोळे बारीक करून बसतेस, बघवत नाही."

"मला सांगायचंत तरी. जीव गेला असता माझा."

"सांगितलं असतं तर उशीला हात लावू दिला असतास?"

ती उठली. तिनं टाचणी काढली, दोन्ही कडा नीट जुळवल्या आणि तीच टाचणी पुन्हा सरळ लावली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं मुद्दाम मान वर करून पाहिलं. फटीच्या जागी ऊन अडलं होतं, नुसता उजेड आत येत होता. मागे बटणं डब्यात पडत होती. टप्, टप्. बराच वेळ ती मशीन न चालवता बसून राहिली.

संध्याकाळी एकोणचाळीस भरल्या.

"सगळे हजर?" नवऱ्यानं विचारलं.

"एक बाहेर ड्युटीवर आहे."

तरी आधण ठेवल्यावर ती पुन्हा खिडकीशी गेली आणि टाचणीला हात लावून आली.