बिबट्यासाठी लावलेलं कुलूप

आमची द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं, ते मी शेवटपर्यंत वाचलंसुद्धा नाही. बागेत कुणाला डांबून, धमकावून कामाला ठेवलेलं नाही ना, हे बघायला त्यांचं माणूस येणार होतं. माझं डोकंच फिरलं. पिंपळवंडीत चार पिढ्या शेती केली आम्ही, आणि आता कुणी तरी येऊन विचारणार, तुमच्याकडं गुलाम आहेत का म्हणून! मी नवऱ्याला म्हटलं, "येऊ दे, चांगली सुनावते." तो म्हणाला, "सुनव. पण माल त्यांच्याकडंच जायचाय, तेवढं ध्यानात ठेव."

हंगामाला माझ्याकडं घाटघरकडच्या बारा बायका येतात. भाताची कामं उरकली की डोंगरावरनं उतरायच्या आणि द्राक्षं संपेपर्यंत आमच्याच शेडमध्ये राहायच्या. शेडमध्ये पाणी, संडास, गॅस, टीव्ही, सगळं केलेलं. चहूबाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं दारातनं उचलून नेलं, तशी मी दुसऱ्याच दिवशी वेल्डर बोलावून शेडला पुढनं लोखंडी जाळी मारून घेतली. जाळीला दार, दाराला हे एवढं कुलूप. दिवेलागणीला मी बाहेरनं कुलूप घालायचे आणि सकाळी सातला येऊन काढायचे. चावी कायम माझ्या कमरेला. लेकींसारखं जपते मी बायकांना, असं गावभर सांगत फिरायचे.

तपासणीला आली ती एक तिशीची मुलगी. साधा पंजाबी ड्रेस, पायात बूट. चहा नंतर घेते म्हणाली. बाग फिरली, बायकांशी बोलली, वजनकाटा बघितला. मला वाटलं, सुटलो. मग तिनं शेड दाखवा म्हटलं. दुपारची वेळ, बायका जेवायला बसलेल्या. जाळीच्या दाराशी ती थांबली.

"ताई, हे कुलूप कोण लावतं?"

"मीच की!" मी ऐटीत चावी काढून दाखवली.

"दुसरी चावी कुणाकडं असते?"

"दुसरी कशाला? एकच आहे, माझ्याकडं."

"आणि कुणाला मधेच बाहेर पडायचं झालं तर?"

"फोन करतील की मला. गावातनं यायला दहा मिनिटं लागतात." मला आता चीड यायला लागली होती. "अहो, बिबट्या आहे इथं. तुमच्या पत्रात बिबट्याचं काही लिहिलंय का?"

ती हसली नाही. बायकांकडं वळून म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचं असेल तर आपण बाजूला बसू. ताई येणार नाहीत तिकडं."

तेवढ्यात मावशी उठल्या. बारा जणींत सगळ्यात जुन्या, सहा हंगाम येतायत. बोलणं कमी. कात्री अशी चालते की घडाला बोटाचा डाग लागत नाही. त्यांची लेक घाटघरला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले, म्हणून मोबाइल सदा पदराच्या गाठीत. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "बाजूला नगं. वहिनींच्या समोरच सांगते."

मी मनात म्हटलं, आता आपलं कौतुक होणार.

"मागल्या वर्सी माझी आई गेली," मावशी म्हणाल्या. "भाऊ रातच्याला मोटरसायकल घेऊन मला न्यायला आला व्हता. आई लई तळमळत व्हती, माझं नाव घेत व्हती. भाऊ जाळीच्या भायेर आन् मी आत. फोन हातात घेतला व्हता मी. पन मालकिणीला झोपंतनं कसं उठवायचं, म्हनून ठिवला. त्याला म्हनलं, तू जा, आईपाशी कुनी नाय. मी सकाळी येते. गेले, तवर समदं आटपलं व्हतं."

 मला ती सकाळ आठवली. मी कुलूप काढायला आले तेव्हा मावशी गाठोडं घेऊन दाराशी उभ्या होत्या. गावी जाते म्हणाल्या. त्या दिवशी माल तोडायचा होता, मी फणकारले, "बरी आजच आठवण झाली गावाची!" वर म्हटलं, "येताना तांदूळ आणा." दहा दिवसांनी त्या आल्या. आई गेली, एवढंच बोलल्या. मी दोन शब्द समजुतीचे बोलले आणि त्यांनी आणलेला तांदूळ ठेवून घेतला. वर्षभर खाल्ला आम्ही तो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनींच्या मनात काय नव्हतं," मावशी त्या मुलीला सांगत होत्या. "बिबट्यापायीच लावलं त्यांनी. पन कुलपाला मनातलं कसं कळायचं? आता लेकीचा फोन आला की मला निघायचंय. तेवढं करा."

मी तरी गप बसावं की नाही? म्हटलं, "आणि बिबट्या आला म्हणजे?"

"मग कडी आतनं लावा की वहिनी. बिबट्याला आतली कडी निघती व्हय?"

बायका खो खो हसल्या. मीही हसले आणि हसता हसता डोळे भरून आले. एवढी साधी गोष्ट, आणि मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. पण त्याहून नवल वाटलं ते या बाईचं. एवढं दुःख गिळून ती परत माझ्याच बागेत कात्री धरून उभी राहिली, आणि आज माझ्या तोंडावर सांगितलं तेही माझी बाजू सांभाळून. माझ्याच्यानं हे झालं नसतं. गावातल्या कुणाच्यानंही झालं नसतं. 

ती मुलगी म्हणाली, "ताई, मला हे लिहावं लागेल." एरवी मी भांडले असते. म्हटलं, "लिहा. जसंच्या तसं लिहा." कंपनी सुधारायला मुदत देते म्हणाली, पण मी कशाला थांबतेय! त्याच दुपारी वेल्डर आला, बाहेरचा कोयंडा कापला आणि आतनं कडी बसवली.

पंधरा दिवसांनी मी सकाळी गेले तर बाकीच्या बायका चहा घेत होत्या आणि मावशींची वळकटी गुंडाळलेली. पहाटे जावयाची गाडी आली, कडी काढली आणि गेल्या. मला कुणी विचारलं नव्हतं. मी त्या उघड्या दाराला हात लावून किती तरी वेळ उभी होते.

दुपारी फोन आला. "मुलगी झाली वहिनी. दोघी बऱ्या हायेत. मी येळेत पोचले."  मला हुंदकाच आला.

मग सवयीनं तोंडातनं निघून गेलं, "बरं, परत कधी येताय?"

 म्हणाल्या, "बघू."

सहा हंगामांत त्या मला पहिल्यांदा 'बघू' म्हणाल्या. माझ्या जिभेवर फणकारा आला होता. तो गिळला आणि म्हटलं, "बरं मावशी. तुमचं तुम्ही ठरवा."