दिव्यावरची काळी पट्टी

कारखान्यात त्यांना सगळे सावधानसाहेब म्हणत. अर्थात पाठीमागे. हुद्दा सुरक्षा अधिकाऱ्याचा, नोकरी एकोणीस वर्षांची, आणि एवढ्या वर्षांत साहेबांनी एकाही अपघातात यंत्राची चूक काढली नव्हती. कुणाचं बोट चेपो, कुणाच्या पायावर पत्रा पडो, अहवालातल्या 'कारण' या रकान्यात साहेबांचं वाक्य ठरलेलं असे: कामगाराचा हलगर्जीपणा. खाली 'चूक मान्य' अशी एक ओळ, तिच्यावर कामगाराची सही. फाइल बंद.

या अहवालांचे कोरे छापील गठ्ठे साहेब घरी आणत. पाठकोरा कागद फुकट मिळतो तर सोडा कशाला? त्यांची बायको शिवणकाम करायची, ती त्या कागदांच्या मागच्या बाजूला गिऱ्हाइकांची मापं लिही. पुढे 'जखमेचे स्वरूप', मागे 'छाती छत्तीस, बाही बावीस'. घरात याचं कुणाला काही वाटत नसे.

आता साहेबांच्या गाडीबद्दल. आठ माणसांची मोठी व्हॅन, साहेबांनी जुनी घेतलेली, तीही अशा थाटात की विकणाऱ्यावरच उपकार केले. तिच्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे औषध होतं. बाजूचा सरकता दरवाजा अडकायला लागला तेव्हा मिस्त्री म्हणाला, खालचा रोलर झिजलाय, बदला. साहेबांनी घरी येऊन रुळात स्वयंपाकघरातलं तेल ओतलं. त्यात धूळ बसून अशी खळ तयार झाली की दरवाजा आता फक्त त्यांच्या आईच्या हातून उघडे. म्हातारी आधी तो वर उचलायची, मग आत दाबायची, मग त्याला दोन शब्द सुनावायची. मागचा दरवाजा वर टिकेना म्हणून दोरीने बांधून टाकला होता. बॅटरी दमली होती, म्हणून गाडी नेहमी उतारावर उभी राही. ब्रेक किंचाळत. साहेब म्हणत, "ओरडतात म्हणजे जागे आहेत."

गेल्या खेपेला मिस्त्रीने बॉनेट उघडून एक रबरी पाइप दाखवला होता. "साहेब, हा फुगलाय. यातून इंजिनाचं पाणी फिरतं. आत्ता बदललात तर हॉटेलातल्या एका जेवणाएवढा खर्च. फुटला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"मिस्त्री लोकांना सगळंच फुगलेलं दिसतं," असं साहेब घरी सांगत होते. मग महिन्याभराने, इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या समोरच्या काट्याशेजारी लाल दिवा लागायला लागला. साहेबांनी दोन दिवस त्याच्याकडे रागाने बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. बायकोने विचारलं, तर म्हणाले, "डोळ्यांवर येतो."

त्याच आठवड्यात कारखान्यात एका कामगाराने यंत्राच्या लाल दिव्यावर फडकं टाकलं होतं. साहेबांनी त्याला आठ दिवस घरी बसवलं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, पण तो दिवा डोळ्यांवर येत होता." साहेब म्हणाले, "अहवालात 'पण'ला रकाना नसतो." हा किस्सा त्यांनी जेवताना चवीचवीने सांगितला, आणि स्वतःच हसले. बायको वाढत होती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

तिचं लक्ष दुसरीकडे होतं. नर्सिंग कॉलेजच्या मेट्रनबाईंनी तिला नमुन्याचे चाळीस ॲप्रन शिवायला सांगितले होते. ते पसंत पडले आणि वेळेवर आले, तर सगळ्या शिकाऊ मुलींचे वर्षभराचे कपडे तिच्याकडे. उसवलेल्या पँटी आणि उशांचे अभ्रे यांतून सुटायची ही पहिलीच संधी होती. दहा वाजता माल कॉलेजात हवा. साडेदहाला बाई दुसऱ्या शिंप्याचा नमुना बघणार होत्या. ती टेम्पो ठरवत होती, तर साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"घरात आठ माणसांची गाडी असताना भाड्याचा टेम्पो? लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नाहीत हो. मला फक्त वेळेवर पोचायचंय."

"मी पोचवतो."

ती गप्प बसली. पुढे बरेच दिवस तिला स्वतःचा राग आला तो या गप्प बसण्याचा.

सकाळी आईंनी दरवाजा उघडून दिला, गठ्ठे आत चढले, गाडी उतारावरून ढकलून सुरू झाली. पुलाची चढण लागली तशी बायको म्हणाली, "अहो, काहीतरी करपल्याचा वास येतोय."

"पुढच्या ट्रकचा आहे."

पुढे ट्रक नव्हता. पुढे एक सायकलवाला होता. काटा पार वरच्या टोकाला टेकला होता.

"अहो, तो काटा बघा ना."

"तो काटा पहिल्यापासून घाबरट आहे."

पुलाच्या मध्यावर बॉनेटखालून वाफ आली, मग गडगडाट, मग काहीच नाही. साहेब उतरले, बॉनेट उघडायला गेले आणि बोटं भाजून घेतली. सरकता दरवाजा उघडेना, म्हातारी घरी. मागची दोरी ओढून ओढून इतकी आवळली होती की गाठ सुटेना. शेवटी बायको पुढच्या सीटवर गुडघे टेकून बसली आणि एकेक गठ्ठा दारातून बाहेर देत राहिली. साहेब ते पोटाशी धरून पुलाच्या कठड्याला टेकून उभे होते. पांढऱ्या ॲप्रनांच्या ढिगाऱ्यात त्यांचं नुसतं डोकं दिसत होतं. जाणारा-येणारा विचारे, "केवढ्याला दिले?"

टेम्पो मिळून ती कॉलेजात पोचली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मेट्रनबाईंनी एक ॲप्रन उलटा करून शिवण पाहिली. "काम सुरेख आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "हे चाळीस मी ठेवून घेते. पण बाकीचं काम त्या दुसऱ्या शिंप्याला दिलं मी. आमच्याकडे औषध वेळेवर द्यावं लागतं हो, मुलींना आम्ही तेच शिकवतो."

गाडी ओढून गॅरेजात नेली. पाइप फुटला होता, सगळं पाणी गेलं होतं, इंजिनाचं हेड उतरवावं लागणार होतं. मिस्त्रीने विचारलं, "दिवा नव्हता लागला?" साहेब गाडीच्या टायरकडे बघू लागले. मिस्त्रीने आत वाकून नखाने पट्टी काढली, साहेबांच्या तळहातावर ठेवली आणि हात पुसायला गेला.

साहेब घरी आले तर बायको मशीनपाशी बसली होती. मशीनवर शिवायला काही नव्हतं. तिने एक कागद पुढे केला. अपघात अहवाल. तिच्या नीट, गोल अक्षरात.

काय घडले: इंजिन जळाले. कारण: चालकाचा हलगर्जीपणा, इशाऱ्याचा दिवा मुद्दाम झाकला. नुकसान: एक वर्षाचे काम. उपाय: गाडीची चावी काढून घेतली.

साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला. एकोणीस वर्षांच्या सवयीने चूक शोधली, सापडली नाही. "पण मला काय माहीत, तो पाइप..."

"अहवालात 'पण'ला रकाना नसतो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वाचून सही करा."

साहेबांना लाज वाटली, मनापासून वाटली. त्यांनी खिशातून चावी काढून मशीनवर ठेवली. 'चूक मान्य'च्या पुढे सही केली. मग काय वाटलं कोण जाणे, कागद उलटून बघितला.

मागे शिकाऊ नर्सांची मापं होती. ओळीने आखलेली, एकेका मुलीच्या नावापुढे, वर्षभराच्या कपड्यांसाठी. तिने आधीच काढून ठेवली होती.