इनेसची आई गेली तेव्हा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही ना मला ओळखता, ना इनेसला.

इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकमधल्या आमच्या ऑफिसात एक फिल्म क्लब आहे. महिन्यातून एक सिनेमा, आणि त्याआधी दहा मिनिटं माझं भाषण. स्पॅनिश सिनेमांवर माझा भारी जीव. म्हणजे पाहिले किती? आठ-दहा. पण उथळ पाण्याला खळखळाट फार — स्पेनच्या बायका ताटल्या फोडतात, मयतावर पडून आक्रोश करतात, काही म्हणून मनात ठेवत नाहीत, असं मी बिनदिक्कत सांगायचे. इनेस मागे बसून ऐकायची. ती उत्तर स्पेनची, माझ्याच टीममध्ये टेस्टिंगला. एकदा हळूच म्हणाली, आमच्या गावात असं कोणी वागत नाही. मला रागच आला. तिचाच देश मी तिला समजावून सांगितला.

आणि मला कोणी विचारलं, तुमच्याकडे भारतात लग्नात सगळे खरंच सिनेमातल्यासारखे नाचतात का, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अजूनही.

मग इनेसची आई गेली. आठवड्याभरात ती कामावर हजर — डोळे कोरडे, केस नीट बांधलेले. सगळ्यांच्या सह्यांसाठी सांत्वनाचं कार्ड फिरवायचं काम माझ्याकडे होतं. तिच्याशी काय बोलावं, हेही सगळ्यांनी मलाच विचारलं. स्पेनचं मलाच कळतं ना?

मी म्हणाले, "आईशी पटत नसणार तिचं. स्पॅनिश बाई आहे, नाहीतर अशी शांत बसली असती का? विषय काढू नका."

कशाच्या जोरावर म्हणाले? आठ-दहा सिनेमांच्या. कोणी विषय काढला नाही. कार्ड माझ्या ड्रॉवरमध्येच राहिलं. सुतकाच्या घरी शेजारून पिठलं-भात जातो, हे मला कोणी शिकवायला हवं होतं? माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहायची ती. मी गेले नाही.

महिन्याभराने ऑफिसच्या किचनमध्ये आम्ही दोघीच होतो. चहा ढवळता ढवळता तिने सांगितलं, की दोन वर्षं दर दुसऱ्या शनिवारी ती विमानाने आईकडे जात होती, तिला अंघोळ घालायला. मग विचारलं, "आईबद्दल एकानेही विचारलं नाही. माझं काही चुकलं का?"

खरं सांगायला तेवढा एक क्षण पुरेसा होता — होता ना? मी म्हणाले, "इंग्रज असेच गं. थंड लोक."

तिला ते पटलं. उन्हाळ्यात तिने नोकरी सोडली; अशा माणसांत राहवत नाही म्हणाली. शेवटच्या दिवशी तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, इथे तू एकटीच माझी होतीस.

मी तिला थँक यू म्हणाले.