शनिवारची नखं

शनिवारी दुपारचं जेवण झालं की ते बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून नखं कापायला बसत. जपानमधल्या कावासाकी शहरातल्या इमारतीत त्यांची बाल्कनी आमच्या बाल्कनीला लागून होती. माझी बायको आतून ओरडायची, "काका, शनिवारी नखं कापू नयेत!"

"इथले शनिमहाराज समजूतदार आहेत गं," ते म्हणायचे आणि छोट्या कानशीनं एकेक कड घासत राहायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याबद्दल सगळे कुजबुजतात आणि ज्याच्याइतकं नीट कुणीच वागत नाही. मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीतून ते इथं आले, इथंच विधुर झाले, निवृत्तीनंतरही राहिले. शनिवारी संध्याकाळी ते एका उंची स्नानगृहात जात. नुसत्या गरम पाण्यासाठी नव्हे. तिथं बाईची सोबतही मिळते, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. परदेशी माणसाला अशा ठिकाणाहून बहुधा लवून नमस्कार करून दारातूनच परत पाठवतात. यांना मात्र आत घेत, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

"अरे, गिऱ्हाईक होणंही शिकावं लागतं," ते मला सांगत. "पिऊन जायचं नाही. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. घरून आंघोळ करून जायचं."

"आंघोळीला जाताना आंघोळ?"

"मग? तिच्या हाती मळका माणूस द्यायचा?"

वर्षानुवर्षं ते एकाच बाईकडे जात. मोठ्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर ते ठिकाण काही दिवस बंद राहिलं. आमच्यातली बरीच मराठी घरं कंपन्यांनी ओसाकाला हलवली. काका हलले नाहीत. तिच्या बोलण्यात कधीमधी ईशान्येकडच्या, लाटेनं धुऊन नेलेल्या किनाऱ्याची ढब येते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. दार उघडलं त्याच दिवशी ते गेले.

परत आल्यावर माझ्याकडे येऊन बसले. "आज आंघोळ नको म्हटलं. नुसता चहा घेत बसलो. प्रश्न अगदी ओठांवर आला होता रे. नाही विचारला." मग म्हणाले, "शेवटी तिनंच सांगितलं. आई वाचली तिची." त्यांची मान ताठ होती आणि डोळे भरले होते.

काही वर्षांनी ते इस्पितळात पडले. तिथून मला एकच काम सांगितलं. "शनिवारची वेळ रद्द कर. ताटकळत ठेवू नये कुणाला." मी फोन केला. ते गेल्यावरही तिथं कळवलं. कुणी येईल असं वाटलं नव्हतं.

अंत्यविधीला आम्ही चार मराठी घरं होतो. काळ्या कपड्यांतली एक प्रौढ बाई आली, शवपेटीसमोर लवली आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिली. आजारपणात नखं वाढली होती. तिनं हलक्या आवाजात माझी परवानगी मागितली, पर्समधून नेलकटर काढलं, रुमाल पसरला.

"असे कधीच आले नाहीत," ती म्हणाली.

त्या माणसाचा शेजारी असल्याचा मला फार अभिमान वाटला. दिवस शनिवारचाच होता. एका हाताची नखं कापून झाली, तेव्हा माझी बायको पुढे झाली आणि तिनं काकांचा दुसरा हात उचलून त्या बाईपुढे धरला.